दर पुढे गेला, हक्क मागे राहिला

मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. पेडणे तालुक्यात जमिनीचे व्यवहार मात्र त्याच्या पुष्कळ आधीच तापले होते. विमानतळासाठी मोपा, वारखंड, कासारवर्णे, उगवे, चांदेल या गावांतल्या जमिनी संपादित होत होत्या, त्याच काळात आजूबाजूचे सडे, काजूच्या बागा, नारळीची भाटं यांची चौकशी सुरू झाली. २०२० मध्ये कोविड आला. दिल्ली-मुंबईची माणसं घरी बसून काम करू लागली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते घर गोव्यात हवंसं वाटलं. बार्देशात हणजूण, आसगाव, शिवोली इथले दर आवाक्याबाहेर गेले, तेव्हा गिऱ्हाईक कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्यात शिरलं. मांद्रे, मोरजी, हरमल हा किनारा आधीपासून गजबजलेला होता. आता पार्से, तुये, कोरगाव, धारगळ इथेही ‘मीटराला किती?’ हा प्रश्न ऐकू येऊ लागला. डिचोलीकडे वळणारे त्यानंतर आले. तिथे समुद्र नाही, पण हिरवळ आहे, नदी आहे, म्हापसा आणि मोपा दोन्ही जवळ आहेत आणि दर बार्देशापेक्षा खूप कमी आहे.

या दोन तालुक्यांतल्या घरांच्या बाजाराचा आढावा घ्यायचा तर दर कुठून कुठे गेले एवढ्याने भागणार नाही. ते तर दर महिन्याला बदलतात. इथली खरी अडचण अशी की दर वाऱ्याच्या वेगाने पुढे गेला आणि त्या जमिनीवरचा, त्या घरावरचा हक्क मात्र पन्नास वर्षांपूर्वी होता तिथेच अडकून राहिला. ज्याच्या पायाखालची जमीन कागदावर त्याची नाही, त्याला चढ्या दराचा काही उपयोग नसतो. उलट त्या दराची भीतीच वाटते.

हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके पोर्तुगिजांच्या ताब्यात उशिरा, अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत गेले. म्हणून त्यांना नवी काबिजाद म्हणतात. तिसवाडी, बार्देश, सासष्टीत गावच्या जमिनीची मालकी बरीचशी कोमुनिदादींकडे, म्हणजे गावसंस्थांकडे, राहिली. नव्या काबिजादीत मात्र जमीन मोठ्या प्रमाणावर भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या, देसायांच्या, सरदारांच्या आणि देवस्थानांच्या नावे होती. पेडण्यात देशप्रभूंच्या जमिनी गावोगाव पसरलेल्या होत्या. डिचोलीत मये गावाची जमीन मयेच्या काउंटकडे होती. गावातली बाकीची माणसं भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहात, त्याच्या भाटाची राखण करत, त्याचं शेत कसत. घर बांधून राहणारे ते मुंडकार आणि शेत कसणारी ती कुळं.

मुक्तीनंतर हे नातं कायद्याने बदलण्याचा प्रयत्न झाला. ज्या दोन मुख्यमंत्र्यांच्या नावाशी तो प्रयत्न जोडला जातो, ते दयानंद बांदोडकर आणि शशिकला काकोडकर, हे बापलेक मूळचे पेडण्याचे. कूळ कायदा १९६४चा. पण कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवणारी पाचवी दुरुस्ती १९७६ साली झाली. मुंडकारांना घरातून हुसकण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५चा. या कायद्याने मुंडकाराला राहतं घर आणि त्याभोवतीची जमीन ठरावीक किमतीत विकत घेण्याचा हक्कही दिला. पंचायत क्षेत्रात ही जमीन साधारणपणे ३०० चौरस मीटर, पालिका क्षेत्रात २०० चौरस मीटर.

कायदा उत्तम होता. अंमलबजावणीत सगळं ढिलं पडलं. हक्क मिळवायचा तर आधी मुंडकार म्हणून नोंद हवी, ती नसेल तर मामलेदाराकडे अर्ज हवा, मग घर विकत घेण्यासाठी दुसरा अर्ज. भाटकाराने हरकत घेतली की पुरावे, साक्षी, तारखा, अपील. अर्ज करणारा गेला, मुलं अर्ज पुढे चालवू लागली. भाटकार गेला, त्याचे वारस पुण्या-मुंबईला किंवा लिस्बनला. खूप कुटुंबांनी अर्जच केला नाही, कारण भाटकाराशी संबंध चांगले होते, ‘बाबांनी कधी जा म्हटलं नाही’ आणि पुढेही कोणी म्हणणार नाही असं वाटत होतं. १९७० च्या दशकात भूमापन झालं तेव्हाही एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर आपलं नाव इतर हक्कांत लागलं का, हे फार थोड्यांनी पाहिलं. घरपट्टी मात्र इमानेइतबारे भरली. आज अनेकांकडे मालकीचा पुरावा म्हणून दाखवायला पंचायतीच्या घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल एवढंच आहे. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलेलं आहे.

दर कमी होता तोवर हे चालून गेलं. आता भाटकाराचे वारस अख्खं भाट एकदम विकतात. खरेदीदार कंपनी असते किंवा कोणी तिऱ्हाईत. मुंडकाराचा हक्क विक्रीने संपत नाही. नवा मालक त्याचा नवा भाटकार होतो. पण ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तांदूळ-नारळ पोचवला त्याच्याशी बोलणं वेगळं आणि वकिलाची नोटीस घेऊन येणाऱ्या माणसाशी बोलणं वेगळं. वाट बंद होते, विहिरीभोवती कुंपण पडतं, माड तोडले जातात. घरावर हात न टाकताही घरात राहणं कठीण करता येतं. पेडण्यातल्या कोणत्याही वाड्यावर विचारा, असा एक तरी प्रकार ऐकायला मिळेल.

खरेदीदाराच्या बाजूनेही हे पाहिलं पाहिजे. चांगल्या हेतूने घर किंवा जमीन घेणाऱ्यालाही इथे सहज फसगत होऊ शकते. एक-चौदावर नाव आहे म्हणजे तो मालकच, असं महाराष्ट्रातून आलेला माणूस सातबाऱ्याच्या सवयीने धरून चालतो. सातबाराही तसा मालकीचा अंतिम पुरावा नसतो आणि एक-चौदाही नसतो. गोव्यात मालकी शोधायची तर जुन्या भूनोंदणी कार्यालयातली पोर्तुगीज भाषेतली वर्णनं, मात्रीज म्हणजे करासाठीची नोंद, जुनी खतं आणि नव्या काबिजादीत कधी मोडीतले कागदही वाचून घ्यावे लागतात. ही गुंतागुंत भामट्यांनीही ओळखली. पुराभिलेखातल्या जुन्या खतांत खोटी पानं घुसवून, मालक परदेशी किंवा मृत असलेल्या जमिनी आपल्या नावे करून विकण्याची प्रकरणं इतकी वाढली की २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला गेला. त्यातली बहुतेक प्रकरणं बार्देशातली होती. पण बार्देशातलं गिऱ्हाईक जसं पेडण्यात आलं, तसे हे लोकही येऊ शकतात.

वारसांचा प्रश्न याहून मोठा आहे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कुटुंबविषयक भाग गोव्यात आजही लागू आहे, आणि वारसा, नोटरी, इन्व्हेंटरी यांविषयीचा २०१२चा नवा कायदा २०१६च्या डिसेंबरपासून अमलात आला. या व्यवस्थेत लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको दोघं मालमत्तेचे समान भागीदार होतात. मुलगे-मुली असा भेद नाही. मालमत्तेचा अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. मृत्युपत्राने उरलेल्या अर्ध्याचीच विल्हेवाट लावता येते. स्त्रियांच्या दृष्टीने ही व्यवस्था उर्वरित भारताच्या कितीतरी पुढे होती आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. त्याचा व्यवहारातला परिणाम असा की आजोबांच्या नावचं घर विकायचं तर चार भावंडं आणि त्यांचे चार जोडीदार अशा आठ सह्या लागतात. पुढच्या पिढीत त्या वीस-पंचवीस होतात. एक काकू सही करत नाही, एक चुलतभाऊ कुवेतमध्ये आहे, एकाचा पत्ताच नाही. मग घर बंद राहतं. कौलं निसटतात, चिऱ्यांच्या भिंतींवर पिंपळ उगवतो.

२०११च्या जनगणनेत गोव्यात सुमारे सव्वा लाख घरं रिकामी आढळली होती, म्हणजे साधारण पाचांतलं एक. ती सगळी दिल्लीकरांनी सुट्टीसाठी घेतलेली नव्हती. वाटण्या न झाल्यामुळे कुलूप लागलेली घरंही त्यांत होती. एकीकडे गावात भाड्याला घर मिळत नाही म्हणून शिक्षिका रोज म्हापशाहून बसने येते आणि दुसरीकडे त्याच गावात मोठमोठी घरं कोसळत असतात. नवीन बांधकामांवर आपण जितकं बोलतो त्याच्या दहाव्या हिश्शानेही या घरांवर बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. वारसांनी एकत्र बसून नोटरीसमोर वारसाहक्काचं खत करायचं, नाहीतर न्यायालयात इन्व्हेंटरी म्हणजे वाटणीचं प्रकरण दाखल करायचं, एवढाच मार्ग आहे आणि तो दर वाढल्यावर जास्त कठीण होतो. दहा वर्षांपूर्वी ज्या बहिणीने ‘मला काही नको’ म्हटलं असतं, ती आज म्हणणार नाही आणि तिने का म्हणावं? शहाण्या कुटुंबांनी गिऱ्हाईक दारात येण्याआधी वाटण्या कराव्यात.

हक्क आणि दर यांतली दरी किती काळ टिकू शकते हे पाहायचं तर मयेला जावं. गोवा १९६१ साली मुक्त झाला तेव्हा मयेच्या जमिनीचे मालक पोर्तुगालला गेलेले होते. १९६४च्याच दुसऱ्या एका कायद्याने ही जमीन स्थलांतरितांची मालमत्ता ठरली आणि कस्टोडियनच्या ताब्यात गेली. गाव मुक्त झाला, गावकरी मात्र आपल्याच घरांत परवानगीने राहणारे झाले. घर दुरुस्त करायचं तर परवानगी, कर्ज काढायचं तर तारण ठेवायला काही नाही, विकण्याचा प्रश्नच नाही. भूविमोचनासाठी मयेकरांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. शेवटी २०१४ साली विधानसभेने कायदा केला, जुन्या मालकी, किताब आणि देणग्या रद्द केल्या आणि पुढे सनदा वाटायला सुरुवात झाली. मुक्तीनंतर अर्धशतकाने! डिचोलीतल्या जमिनीला ‘स्वस्त’ म्हणणाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवावा. स्वस्ताईचं एक कारण अंतर असेल, पण दुसरं कारण कागद हे आहे.

तिसरं कारण खाण. शिरगाव, मये, पिळगाव, मुळगाव, लामगाव, बोर्डे या पट्ट्याने साठ वर्षं लोहखनिजावर संसार केला. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा शुकशुकाट. ज्यांची ट्रकांची कर्जं थकली त्यांच्या हाताशी विकण्यासारखी एकच गोष्ट होती, जमीन. डिचोलीतल्या जमिनी बाजारात येण्यामागे हे आहे, आणि ते दिल्लीच्या जाहिरातीत दिसत नाही. मग डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव होऊन डिचोलीचा खाणपट्टा वेदांताला मिळाला. सुमारे ४७८ हेक्टरच्या त्या पट्ट्यात लोकांची घरं, देवळं, तळी, शेतं येतात. ती वगळा, ही ग्रामस्थांची मागणी अगदी साधी आणि रास्त आहे. ज्या घराचा सर्व्हे नंबर खाणपट्ट्याच्या नकाशात आहे ते घर कोण विकत घेईल आणि कोणती बँक त्यावर कर्ज देईल? डिचोलीत घर घेणाऱ्याने खाणपट्ट्याचा नकाशा पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

आता झोनचा प्रश्न. गोव्यात जमिनीची किंमत एका रंगावर ठरते: प्रादेशिक आराखड्यात ती सेटलमेंट आहे की बागायत की शेती. २००६ साली आलेला प्रादेशिक आराखडा लोकांनी गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनातून मागे घ्यायला लावला. त्यानंतर चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या वास्तुरचनाकाराचा सहभाग असलेल्या कृतिदलाने २०२१ सालापर्यंतचा आराखडा तयार केला. गावोगाव चर्चा झाल्या, त्रुटी होत्या, तरी लोकांना विचारून आराखडा करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. पुढे नगरनियोजन कायद्यात एकेक दुरुस्ती होत गेली: २०१८ साली १६-ब, २०२३ साली १७(२), २०२४ साली ३९-अ. आराखडा तसाच ठेवायचा आणि एकेका सर्व्हे नंबरचा झोन अर्ज घेऊन बदलायचा, असा त्यांचा मथितार्थ. १७(२) खालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ३९-अ लाही आव्हान दिलं गेलं आहे. २०२३ साली पेडण्यासाठी केलेला झोनिंग आराखडा तालुक्यातल्या विरोधानंतर सरकारला मागे घ्यावा लागला, ही पेडणेकरांच्या जागरूकतेची खूण आहे.

तुकड्यातुकड्याने झोन बदलणं चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बागायतीचा दर सेटलमेंटच्या दराहून कितीतरी कमी असतो. शेतकऱ्याकडून बागायत म्हणून घ्यायची आणि झोन बदलून विकायची, तर मधली सगळी वाढ मधल्या माणसाला मिळते. विकणाऱ्या गावकऱ्याला त्यातला एक पैसा मिळत नाही, आणि गावाच्या वाट्याला येतं ते चांदेलच्या पाणीप्रकल्पावरचं वाढतं ओझं, अरुंद रस्ते आणि कापलेले डोंगर. तिळारीच्या कालव्याखाली येणाऱ्या जमिनीही लाभक्षेत्रातून वगळल्या जातात तेव्हा हाच हिशेब असतो. ज्या पाण्यासाठी दोन राज्यांनी धरण बांधलं, ते पाणी शेताला मिळायच्या आत शेतच राहात नाही.

बिल्डरकडून घेणाऱ्याचं काम त्यामानाने सोपं झालं आहे. २०१६च्या रेरा कायद्याने ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन किंवा आठाहून जास्त सदनिका असलेला प्रकल्प नोंदवणं बंधनकारक केलं, दहा टक्क्यांहून जास्त रक्कम करार न करता घ्यायला मनाई केली, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरवर ठेवली. गोव्याच्या रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं पाहता येतात. भूखंडांच्या मोठ्या योजनांनाही हा कायदा लागू आहे. डिचोलीत मुंबईच्या हाऊस ऑफ अभिनंदन लोढासारख्या कंपन्या आता असे भूखंड देशभर विकतात. भूखंड घेणाऱ्याने एवढं विचारावं: बिगरशेतीची सनद आहे का, रस्ता कोणाच्या मालकीचा, पाणी कुठून येणार आणि या जमिनीवर कूळ किंवा मुंडकार कधी होते का. मुखत्यारपत्रावर विक्री करू पाहणाऱ्यापासून दूर राहावं. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलं आहे.

विकणाऱ्याला मात्र कोणीच सल्ला देत नाही. गावचा माणूस आयुष्यात एकदाच जमीन विकतो आणि समोरचा रोज घेत असतो. थोडा विसार देऊन सहा महिन्यांचा करार करायचा, तेवढ्यात चढ्या दराने दुसरं गिऱ्हाईक शोधायचं आणि मूळ मालकाची सही थेट त्याच्या खतावर घ्यायची, ही दलालांची नेहमीची पद्धत. करारात मुदत, उरलेल्या रकमेची तारीख आणि ‘हा करार दुसऱ्याला देता येणार नाही’ हे कलम लिहून घेतलं तर बरंच नुकसान टळतं. ५० लाखांवरच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का कर कापून भरतो, तो आपल्या नावे जमा झाला का हे पाहावं. घरापुरती जागा तरी विकू नये. सगळं भाट विकून पेडण्यातच परत जागा घ्यायला निघालेल्या माणसाला त्याच पैशात निम्मीही मिळत नाही. मग तो बांदा, सातार्डा, दोडामार्गकडे पाहतो. तिथे शेतजमीन घ्यायला महाराष्ट्राच्या कायद्याने शेतकरी असावं लागतं, आणि त्याची जमीन तर आता गेलेली असते.

गोव्यात भातशेती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंदी घालणारा कायदा २०२३ साली आला. तो आणखी वीस वर्षं आधी यायला हवा होता. हिमाचलात तिथल्या जमीन कायद्यातल्या कलम ११८ मुळे बाहेरच्या माणसाला सहज जमीन घेता येत नाही. तसं संरक्षण गोव्याला मिळावं अशी मागणी अनेकदा झाली. संविधानातलं ३७१-आय हे गोव्याविषयीचं कलम मात्र विधानसभेच्या सदस्यसंख्येपुरतंच आहे. मला स्वतःला ‘बाहेरचा’ या शब्दावर राजकारण उभं करणं पटत नाही. सावंतवाडीचा माणूस पेडण्यात बाहेरचा नव्हता, आजही नाही. प्रश्न कोण घेतो यापेक्षा आधी राहणाऱ्याचा हक्क नक्की झाला का, हा आहे.

सरकारनेही हा प्रश्न ओळखला नाही असं नाही. २०२१च्या जुलैत भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक घाईघाईने संमत झालं. तीस वर्षं राहणाऱ्याला भूमिपुत्र ठरवण्यावरून गदारोळ झाला आणि ते बाजूला ठेवावं लागलं. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा बांधकामांवर कठोर आदेश दिल्यावर सरकारी आणि कोमुनिदादच्या जमिनींवरची जुनी घरं नियमित करण्याचे कायदे झाले आणि ऑक्टोबरमध्ये ‘माझे घर’ योजना सुरू झाली. गरीब कुटुंबांना तिचा आधार मिळेल. पण ज्याने परवानगीशिवाय बांधलं त्याच्यासाठी नवा कायदा, आणि जो भाटकाराच्या संमतीने, कायद्याने दिलेल्या हक्काने राहतो त्या मुंडकाराचा अर्ज मामलेदाराच्या कपाटात, हा क्रम उलटा आहे.

तेव्हा मागणी एवढीच. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत २०११च्या जनगणनेप्रमाणे मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहतात. एवढ्या लोकवस्तीतले मुंडकारांचे खटले निकाली काढायला पन्नास वर्षं लागावीत असं काही नाही. प्रत्येक पंचायतीत मामलेदाराने बसून, जागेवर पाहणी करून, ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावेत. जिथे मुंडकारांचे अर्ज पडून आहेत त्या सर्व्हे नंबरांची विक्री नोंदवताना उपनिबंधकाने त्यांना लेखी कळवणं बंधनकारक करावं. आणि हे होईपर्यंत त्या जमिनींचा झोन बदलू नये. मुंडकारांनीही वाट पाहू नये: या आठवड्यात तलाठ्याकडे जाऊन आपल्या घराच्या सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा उतारा काढा, आणि त्यावर आपलं नाव नसेल तर मामलेदाराकडे अर्ज दाखल करून त्याची पोच घ्या.